जाळीवर चार बोटं पाणी

पाण्यात उतरायचं सामान भरताना पुनाजी कुमरे आणि अश्वजित यांचा वाद व्हायचाच, आणि तो दर वेळी एकाच वस्तूवरून व्हायचा. अश्वजित यादी वाचायचा. मास्क, पायाचे पंख, शिशाचा पट्टा, हवेचं सिलिंडर, सुरा, दोर. प्रत्येक नावाला पुनाजी "हाव" म्हणायचा आणि ती वस्तू पिशवीत टाकायचा. मग यायचं स्नॉर्केल. दातांत धरायची वाकडी नळी, दुसरं टोक पाण्याच्या वर राहणारी. इथे अश्वजितचं पेन थांबायचं.

"काका, हे आता घरी राहू द्या ना."

"काऊन? तुले काय खाऊन राह्यली का थे?"

"डोक्याले एकच शिंग लावून पाण्यात जाता. कुठी अडकलं तं मास्कसकट थोबाड घेऊन जाईन."

"एक तरी शिंग हाय मले. तुले तं थेही नाई."

पुनाजी नळीला पुंगळी म्हणायचा. पुंगळी पिशवीत जायची, सगळ्यात वर.

अश्वजित आंजी गावचा, एकोणतीस वर्षांचा, जिल्ह्याच्या शोध-बचाव पथकात पुनाजीच्या गटाचा प्रमुख. त्याचं म्हणणं शिकलेलं होतं आणि खरं होतं. पाठीवर सिलिंडर असलेल्या माणसाला पाण्याखाली या नळीचा उपयोग नसतो. ती डोक्याशी लटकत राहते, आणि इथल्या तलावांच्या पोटात फाटकी मासेजाळी, बाभळीच्या फांद्या, वेली असं सगळं असतं. पुनाजीचं म्हणणं अंगवळणी पडलेलं होतं आणि तेही खरं होतं. काठापासून बुडी मारायच्या जागेपर्यंत तोंड खाली घालून पोहत जायचं, तर सिलिंडरातली हवा आधीच कशाला जाळायची? नागपूरला दहा दिवस शिकवायला आलेल्या उस्तादांना दोघांनी विचारलं होतं. ते म्हणाले, "लंबा तैरना हो तो काम की चीज़ है. जाल-वाल हो तो घर पे छोड़ो." पुनाजीने त्यातलं पहिलं वाक्य घेतलं, अश्वजितने दुसरं, आणि दोघेही उस्ताद आपल्या बाजूचे आहेत असं समजून परतले.

पुनाजी हिंगणीच्या पुढच्या गोंड वस्तीतला. बोर अभयारण्याचं जंगल जिथे गावाला चिकटतं तिथे त्याचं घर आहे. लहानपणी ओढ्याच्या डोहात पाठीवर झोपून तो पपईच्या पोकळ देठातून श्वास घ्यायचा. वर काठावर त्याची आई हाका मारत फिरायची आणि तो खालून तिची हलणारी सावली बघायचा. ही त्याची एकुलती एक खोडी होती, असं त्याची बायको धुरपता सांगते. बाकी माणूस अबोल. वनखात्याच्या कामावर जायचा, उन्हाळ्यात वणवा अडवायला जाळरेषा काढायचा, पावसाळ्यात रोपं लावायचा.

पुनाजी एकोणीस वर्षांचा असताना बाजूच्या गावचा एक माणूस तलावात बुडाला. दोन दिवस सापडेना. कुणीतरी म्हणालं, कुमऱ्याचा पोरगा लय वेळ खाली राहतो. पुनाजी गेला आणि तिसऱ्या बुडीत त्याला घेऊन आला. त्यानंतर जिथे कुणी बुडालं तिथून त्याला बोलावणं यायला लागलं. पोलिसांची गाडी वस्तीत आली की आधी बाया घरात जायच्या, मग पुनाजी बाहेर यायचा. नाही म्हणायचं त्याच्या मनात अनेकदा आलं. पण दारात कुणाचा तरी भाऊ उभा असायचा, बाप असायचा. त्यांच्यासमोर नाही हा शब्द तोंडातून निघायचा नाही. सत्तावीस वर्षं निघाला नाही.

त्याच्या उतरण्याची एक रीत होती. दोर अंगाला बांधायचा, सामानाला नाही. छातीभोवती दोन वेढे आणि गाठ पाठीवर, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये. खाली घाबरलेला माणूस स्वतःची गाठ सोडून बसतो, म्हणून ती त्याच्या हाताला लागू द्यायची नाही. दोराचं दुसरं टोक नागेशच्या हातात असायचं. नागेश म्हणजे धुरपताचा धाकटा भाऊ, ओंडक्यासारखा माणूस. एक हिसका म्हणजे सापडलं, पुष्कळ हिसके म्हणजे वर ओढ. एवढ्या दोनच खुणा. दोर सैल कर, याला खूण नव्हती. ती लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. खालच्या माणसाला वर यायचं असतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

पथकात घेतल्यावर पुनाजीला सिलिंडर मिळालं, अंगात घालायचं हवेचं जॅकेट मिळालं. जॅकेटला दोर अडकवायची कडी होती. अश्वजितने ती दाखवली. पुनाजी म्हणाला, "जॅकेट निघून गेलं तं तू जॅकेट ओढशीन, मले नाई." दोर अंगालाच राहिला.

*

उंबरबोडीचा तलाव लहान आहे. पाटाला पाणी देणारा, तीन गावांपुरता. त्या ऑक्टोबरात तो काठोकाठ भरलेला होता आणि त्याचं गेट बंद होत नव्हतं. सहा दिवस पाटातून पाणी वाहत होतं. खाली शेतांत सोयाबीन कापून पडलेलं, त्याच्या ढिगांखाली पाणी शिरत होतं. गेटखाली काहीतरी अडकलं होतं, ते कुणीतरी जाऊन काढायला हवं होतं.

गेट तलावातल्या एका विहिरीत आहे. सिमेंटची उभी विहीर, बांधावरून तिच्यापर्यंत लहानसा पूल. वर ओटा, ओट्यावर गेटचं चाक, चाकाचा लोखंडी दांडा सरळ तळापर्यंत गेलेला. तळाशी गेट. आणि तळाच्या जरा वर, तलावाच्या बाजूला, पाणी आत यायची खिडकी. ओट्यापासून पुरुषभर खाली आडवी लोखंडी जाळी आहे. राखणदार प्रभाकररावांनी ती बसवून घेतली होती, एक कालवड आत पडली त्या वर्षी.

त्या दिवशी पाणी जाळीच्या वर चढलेलं होतं. चार बोटं.

"जाळी काढा ना मंग," पुनाजी म्हणाला. "वरूनच उतरतो."

"निघते का थे? बोल्ट पाह्य, गंजून एकजीव झाले," प्रभाकरराव म्हणाले. "सहा दिवस झाले, खालचे लोक मले फोनवर शिव्या देऊन राह्यले. खिडकीतून जमते का पाहा ना भाऊ."

अश्वजितला ते पटलं नव्हतं. त्याने खिडकीचं माप विचारलं, दोनदा विचारलं. सिलिंडर पाठीवर घेऊन माणूस जेमतेम जाईल एवढी होती. पुनाजी बारीक अंगाचा. तो म्हणाला, जातो.

पिशवी उघडली तेव्हा अश्वजितने पुंगळी बाहेर काढून धरली. "काका, आत अंधार, अरुंद जागा. आजच्या दिवस तरी."

"नावेपासून खिडकीवर जाईपर्यंत लागते मले थे."

"वीस हात बी नाई थे अंतर."

"वीस हाताची हवा वाचन," पुनाजी म्हणाला आणि पुंगळी मास्कच्या पट्ट्यात खोचली.

नागेशने नावेत उभं राहून गाठ मारली, तिच्यावर दोनदा थाप दिली. अश्वजित ओट्यावर प्रभाकररावांपाशी गेला. तिथून त्याला नाव दिसत होती, पण विहिरीआडचं पाणी दिसत नव्हतं. साडेअकरा वाजले होते. ऊन स्वच्छ होतं.

*

आत गढूळ हिरवा अंधार होता. पाण्याची ओढ गेटकडे होती आणि ती माणसाला धरून ठेवत होती, जसं गर्दीत कुणी मनगट धरावं तसं. पुनाजीने हाताने चाचपलं. बाभळीचा ओंडका, कमरेएवढा जाड, गेटच्या पात्याखाली तिरपा बसलेला. त्याने सुरा फटीत घालून रेटला. सुरा निसटला आणि पाण्याने तो पाटाच्या दिशेने ओढून नेला. मग त्याने भिंतीला पाठ लावली, दोन्ही पायांनी ओंडका ढकलला. एकदा, दोनदा. कितव्या तरी वेळी ओंडका सुटला.

गेट दाणकन खाली बसलं. तो धक्का त्याला छातीत जाणवला. पाण्याची ओढ एकदम थांबली, सगळं स्थिर झालं. काम झालं होतं.

तो खिडकीकडे वळला आणि त्याचा हात बाभळीच्या सालीला लागला. सुटलेला ओंडका अर्धवट तरंगत खिडकीत जाऊन तिरपा अडकला होता. दोर त्याच्याखालून गेला होता. पुनाजीने ओंडका आत ओढला, बाहेर ढकलला, अंगाचा सगळा भार देऊन पाहिला. सिलिंडरचा काटा लाल रेघेच्या खाली होता. एवढं जोर लावून काम केलं की हवा किती लवकर जाते, हे उस्तादांनी सांगितलं होतं. हे त्याला त्याच वेळी आठवलं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

वर उजेडाचे लहान लहान चौकोन दिसत होते. शिशाचा पट्टा सोडून तो तिकडे गेला.

ती जाळी होती. त्याने चौकोनातून बोटं बाहेर काढली. बोटांच्या टोकांना वारा लागला. तोंड मात्र जाळीच्या खाली, पाण्यात. जाळीतून मूठ जेमतेम जात होती. त्याने गज धरून हलवले. ते हलले नाहीत.

सिलिंडरने शेवटचा कोरडा घोट दिला. मग तेही नाही.

पुनाजीने तोंडातलं रबर थुंकलं, पट्ट्यातून पुंगळी ओढली, तिचं टोक एका चौकोनातून वर घातलं, दुसरं दातांत धरलं आणि छातीत उरलेल्या वाऱ्याने फुंकलं.

ओट्यावरून अश्वजितला आधी बोटं दिसली होती. आता त्याला जाळीच्या वर, पाण्याच्या वर, एक नारिंगी टोक दिसलं. त्यातून पाण्याची चूळ उडाली आणि मागोमाग श्वासाचा आवाज आला, लांब, घोगरा.

"काका!" तो भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून उतरला. "काका, इथी काऊन आले?"

दोर ताणलेला होता. पुनाजीच्या छातीपासून विहिरीच्या तळापर्यंत, तिथून ओंडक्याखालून बाहेर, तिथून नावेपर्यंत. तो वर चढला तेवढा दोर नागेशने सोडलाच नव्हता. छातीवरचे वेढे त्याला खाली खेचत होते आणि तो बोटांनी गजांना लटकून तोंड जाळीशी धरून होता. त्याला हातभर दोर हवा होता. एवढंच. त्याने नळीतून ओरडून सांगितलं,

"सोड!"

अश्वजित आणखी वाकला. "काय म्हंता?"

"सोड!"

सोड म्हणायला जीभ दातांशी न्यावी लागते आणि दातांमधून वारा सोडावा लागतो. पुनाजीच्या दातांत रबर होतं. नळीच्या वरच्या टोकातून जे बाहेर आलं त्यात स नव्हता.

"ओढ म्हंते थो," वरून प्रभाकरराव म्हणाले.

अश्वजितलाही तेच ऐकू आलं होतं. बुडालेल्या माणसाने दुसरं काय म्हणावं? तो नावेच्या दिशेने ओरडला, "नागेश, ओढ! ओढ!"

नागेशने ओढला.

नारिंगी टोक जाळीतून खाली गेलं. पाण्यावर काही राहिलं नाही.

खाली पुनाजी दोन पुरुष खोल गेला होता, दोर छातीत रुतत होता, नळी पाण्याने भरली होती, आणि त्याला एवढंच कळत होतं की ज्या माणसाने इतक्या वर्षांत त्याचा दोर एकदाही हातातून जाऊ दिला नाही, तोच आता त्याला मारणार आहे. नागेशचा दम संपला की दोर किंचित ढिला व्हायचा. तेवढ्यात पुनाजी हातापायांनी वर आला, गज धरले, पुंगळी चौकोनात घातली, फुंकली. श्वास घेतला. दोन घेतले.

"सोड! सोड!"

"हाव काका, ओढूनच राह्यलो!" अश्वजित रडकुंडीला आला होता. "नागेश, अजून! जोर लाव!"

दुसऱ्यांदा नारिंगी टोक खाली गेलं.

या वेळी ते वर यायला उशीर लागला. प्रभाकरराव ओट्यावर काहीतरी पुटपुटत होते. मग टोक दिसलं, वाकडंतिकडं, फुंकण्यात जोर नव्हता. अर्धं पाणी नळीतच घुटघुटत राहिलं. पुनाजी आता ओरडला नाही. त्याला कळलं होतं की त्याने तोंडातून काढलेला शब्द वर पोचेपर्यंत दुसराच होतो. हिसके द्यावेत तर त्याचा अर्थही ओढच. तो गप्प राहून श्वास घेत राहिला, आणि ज्या शब्दात स नाही असा शब्द शोधत राहिला. गुरं राखली तेव्हाचे, दोराचे, दाव्याचे सगळे शब्द त्याने तोंडात घोळवून पाहिले. मग त्याने जीभ जेमतेम हलवत, घशातूनच, लांबवून म्हटलं,

"ढीऽऽऽल."

वर पोचलं ते फक्त "ईऽऽऽल."

"व्हील!" प्रभाकरराव म्हणाले. "व्हील फिरवा म्हंते थो. गेट उघडू का?" त्यांचे दोन्ही हात चाकावर होते.

"थांबा!"

"अरे पण थो म्हंते—"

"थांबा ना बाबाजी! हात काढा!" गेट उघडलं तर विहिरीतलं पाणी माणसाला घेऊन तळाशी जाईल, एवढं अश्वजितला कळत होतं. तो पायरीवर बसकण मारून, कान पाण्याला टेकेल इतका वाकला. "काका, परत म्हणा. हळू म्हणा."

"ईऽऽऽल. ईऽऽऽल."

अश्वजितने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला. तो उठला आणि त्याने आवाज फाटेपर्यंत हाक दिली. "नागेश! ढील! ढील दे! दोर सोड! पूरा सोड!"

"सोडू?" नावेतून नागेश ओरडला. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "भाऊजी खाली हायेत ना बे!"

"सोड म्हटलं ना! सोड!"

जे पुनाजी आधीपासून म्हणत होता ते शेवटी अश्वजितच्या तोंडून नागेशपर्यंत गेलं. दोर पाण्यात पडला. पुनाजीच्या छातीवरचा ताण गेला. जॅकेटमध्ये होती तेवढ्या हवेने त्याला वर उचलून जाळीला टेकवलं. आता गजांना लटकायची गरज नव्हती. मास्कची काच लोखंडाला लागली. चार बोटं पाणी, त्यावर हवा, त्यावर अश्वजितचं वाकडंतिकडं हलणारं तोंड.

*

खिडकीतून ओंडका बाहेर काढायला नागेशने बाहेरून बुड्या मारल्या. तो निघाला नाही. गॅसकटर पाण्याखाली चालत नाही. राहिला हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत. प्रभाकररावांच्या खोलीत एक होता, सेलूहून मोटारसायकलवर आणखी दोन आणि पात्यांचा डबा आला. अश्वजित जाळीवर पालथा पडला, हात कोपरापर्यंत पाण्यात घालून गज कापायला लागला. दोन गज, दोन्ही टोकांना. चार काप.

करवतीचा आवाज पुनाजीला कानांनी ऐकू येत नव्हता. तो गजातून मास्कमध्ये आणि मास्कमधून दातांत येत होता.

"काका, हाव असलं तं एक फुंका. नाई असलं तं दोन," अश्वजित म्हणाला. "दम लागून राह्यला का?"

एक.

"थंडी?"

एक.

"मी आधीच म्हटलं होतं थे शिंग घरी ठेवा. म्हटलं होतं का नाई?"

मग नळीतून पाण्याची एक चूळ नेम धरून आली आणि अश्वजितच्या तोंडावर बसली. प्रभाकरराव हसले, आणि हसताना त्यांनी डोळे पुसले.

धुरपता रोपवाटिकेत पिशव्या भरत होती. नागेशच्या फोनवरून तिला निरोप गेला आणि ती मातीच्या हातांनीच आली. तिने विहिरीत डोकावून पाहिलं. नवरा कुठे दिसत नव्हता. एक नळी दिसत होती आणि तिच्यातून श्वास येत-जात होता. ती पायऱ्या उतरून अश्वजितच्या वरच्या पायरीवर बसली.

"रिंकूचे बाबा."

एक फुंक.

"ऐकू येते का?"

एक.

"बरं हाय. इतक्या वर्षांत पयल्यांदा मधातून उठून नाई गेले तुम्ही." तिचा आवाज ठीक होता. "सकाळी म्हटलं होतं भाजी गरम करून खाऊन जा, तं तसेच निघाले. बकरी सुटली होती, वच्छलाबाईच्या वांग्यात गेलती. थे आली होती भांडाले. म्हटलं घरमालक आले का सांग त्याहीले. आता इथी बसले येऊन."

ती बोलत राहिली. मधेच थांबली की खालून एक फुंक यायची, म्हणजे चालू दे. पहिला गज तुटला तेव्हा एक वाजून गेला होता. पातं तीनदा मोडलं. अश्वजितच्या बोटांतून रक्त येत होतं आणि पाण्यात पसरत होतं.

मग धुरपता खाली वाकली आणि तिने नळीच्या टोकावर तळहात धरला. तिला तो श्वास हाताला लागून पाहायचा होता. ऊन ऊन वारा तिच्या तळहाताला लागला.

खाली पुनाजीला चौकोनातला उजेड गेलेला दिसला आणि श्वास अर्ध्यात अडला. कुणीतरी पुंगळीचं तोंड बंद केलं होतं. त्याने दोन्ही मुठींनी जाळी ठोकली. संपूर्ण विहीर वाजली.

धुरपताने हात झटकन मागे घेतला. दोन फुंका आल्या, मग पुन्हा दोन, पुन्हा दोन, नाई नाई नाई, थांबेचना. ती हात पदरात गुंडाळून बसली. अश्वजित म्हणाला, "काकू, काई नाई होत, आता दहा मिनिटं." तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले वाटलं, बरं वाटन त्याहीले."

दुसरा गज पावणेदोनला तुटला. आधी त्यांनी त्याचा हात बाहेर काढला, मग डोकं. पुंगळी दातांतच होती. जॅकेट खालीच सुटू दिलं. नागेशने बगलेत हात घालून त्याला ओट्यावर उचललं, पाठीवरची गाठ सुटेना म्हणून करवतीने कापली. पुनाजी उन्हात बसला. हवा सगळीकडे होती आणि तो अजून नळीतून घेत होता. धुरपताने दोन बोटांनी त्याच्या गालांचे सांधे दाबले, वासराचं तोंड उघडावं तसे, तेव्हा रबर बाहेर आलं. त्यावर दातांनी पाडलेली भोकं होती.

*

पुनाजी आता अंगणात झोपतो. अंगावर घेतलेलं पांघरूण तोंडावर येऊ देत नाही. अश्वजितच्या मागे गाडीवर बसतो तेव्हा हेल्मेटची काच वर ठेवतो, धूळ खातो. काम त्याने सोडलेलं नाही. धुरपताने म्हटलं होतं, सोडा. तो हाव म्हणाला होता. बावीस दिवसांनी आंजीकडून बोलावणं आलं, एक म्हातारी विहिरीत पडली होती. तिचा मुलगा स्वतः आला होता, दारात उभा राहिला. पुनाजी गेला. त्या दिवशी अश्वजितने पुंगळीचं नाव वाचलं तेव्हा पुनाजी "हाव" म्हणाला नाही. ती घरी राहिली.

पथकात आता नियम झाला आहे. दोर सैल हवा असेल तर ढील, ताणायचा असेल तर खेच. ओढ आणि सोड हे दोन शब्द पाण्याजवळ उच्चारायचे नाहीत. नागेश विसरतो आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारतो.

मग वरच्या कचेरीतून एक कागद आला. प्रत्येक गटाने आपापल्या अनुभवावरून सामानाची यादी ठरवावी असं त्यात होतं. नावासमोर दोन रकाने, आवश्यक आणि अनावश्यक. उतरणाऱ्याने खूण करून सही करायची. हिंगणीच्या चौकात चहाच्या टपरीवर अश्वजितने कागद पुढे ठेवला. सगळ्या खुणा झाल्या. एक राहिली, पुंगळीची.

"आवश्यक," अश्वजित म्हणाला. "प्रत्येकाच्या पिशवीत पायजे. मी तं म्हंतो दोन दोन द्या."

"अनावश्यक," पुनाजी म्हणाला.

"काका, जीव वाचला तिच्यानं तुमचा."

"तिच्यानंच चालला होता. मोकळं तोंड असतं तं स निघाला असता माह्या तोंडातून."

"मोकळं तोंड पाण्यात होतं तुमचं! स काय, काईच निघालं नसतं."

पुनाजीने मान हलवली. हे खरं होतं. त्याने चहा घेतला, बशीत ओतून, फुंकर न मारता.

"सव्वा तास मी थे नळी पाह्यली," अश्वजित म्हणाला. "गज कापता कापता दुसरं काई पाह्यलंच नाई. श्वास आला का, गेला का. आला का, गेला का. एकदा जरी उशीर झाला का करवत थांबायची. मले अजून ऐकू येते थो आवाज."

"तुले वर ऐकू येत होता?"

"हाव ना. काकू, प्रभाकरराव बोलून राह्यले होते, नागेश ओरडून राह्यला होता. त्या सगळ्याच्या मधात थो आवाज. थो हाय म्हणून सगळं ठीक."

"खाली थोच एक होता," पुनाजी म्हणाला. "दुसरं काईच नोतं."

टपरीवाल्याने पेले उचलले, फडक्याने फळी पुसली, कागद भिजू नये म्हणून बाजूला सरकवला. पुनाजीने तो परत आपल्याकडे ओढला, पेन घेतलं, आवश्यकच्या रकान्यात खूण केली आणि खाली सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं. मग पेन टेबलावर ठेवून तो उठला आणि टपरीच्या पत्र्याखालून बाहेर, रस्त्याच्या कडेला मोकळ्यात जाऊन उभा राहिला.